लोह चढते लगेच, उतरता उतरत नाही

कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख सोडा घालून भाजली आणि हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली, की ॲल्युमिनियमबरोबर लोहही विरघळते. नागपुरात, वाडीला, ॲल्युमिनियमचे संशोधन केंद्र आहे. त्यामुळे हे लोह वेगळे कसे करायचे, हा प्रश्न इथे नवा नाही. त्याचे एक उत्तर मात्र १८९२ सालचे आहे. रोटे या जर्मन रसायनज्ञाने पोलादाच्या विश्लेषणात सुमारे ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लातले फेरिक (तीन धनभारांचे) लोह पाण्यावर वेगळा थर धरणाऱ्या ईथरमध्ये ओढून घेतले. ॲल्युमिनियम आणि निकेल मागेच राहतात, कारण फेरिकसारखे क्लोराइड-संकुल ते बांधत नाहीत. पण ईथर ३५ अंशांच्या आतच उकळते. नागपूरच्या मे महिन्यात ते कारखान्यात वापरणे म्हणजे आगीला आमंत्रण.

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत युरेनियम काढायला डीटूईएचपीए हे केरोसीनमध्ये मिसळलेले सेंद्रिय फॉस्फरस-आम्ल आले. फेरिक लोह त्यावर चढून बसे, म्हणजे पाण्यातून सेंद्रिय द्रवात जाई, म्हणून आधी भंगार लोखंड टाकून ते फेरस (दोन धनभारांचे) करून घेत. फेरस जवळपास चढतच नाही. खरी अडचण इथेच आहे. सल्फेट द्रावणातून लोह काढणे सोपे, पण डीटूईएचपीएवरून ते परत पाण्यात उतरवायला ६ मोलरच्या आसपासचे आम्ल लागते. १९६०च्या दशकात जस्त कारखान्यांनी म्हणूनच जॅरोसाइटचा, म्हणजे लोह सल्फेट-क्षाराच्या गाळात काढण्याचा, रस्ता धरला: ९५ अंश, पीएच दीडच्या आसपास, सोडियम किंवा अमोनियम घातले की लोह खाली बसते. स्वस्त खरे, पण जस्त-शिसे धरून बसलेल्या गाळाचे ढीग साचतात. माझ्या मते ही उधारी होती.

क्लोराइड द्रावणात टीबीपी (ट्रायब्युटाइल फॉस्फेट) या दुसऱ्या सेंद्रिय द्रवाने काम हलके केले. नॉर्वेच्या क्रिस्टियानसँडला निकेलच्या द्रावणातले लोह त्यानेच काढले जात असे. क्लोराइड भरपूर असेल तर लोह चढते, कमी झाले की उतरते, म्हणून उतरवायला पाणी पुरते. त्या पाण्यात किंचित आम्ल हवे. नाहीतर फेरिक हायड्रॉक्साइड सुटून सेटलरमध्ये (थर वेगळे होण्याच्या टाकीत) गाळ धरतो. पाणी जास्त झाले तर फेरिक क्लोराइड इतके पातळ होते की आटवण्याचा खर्च डोईजड होतो. टीबीपी नुसत्या केरोसीनमध्ये असेल तर सेंद्रिय द्रव फुटून तिसरा थर पडतो, तो टाळायला ५ ते १० टक्के आयसोडेकॅनॉल हे अल्कोहोल घालतात.

राखेच्या द्रावणाचा वेगळा त्रास सिलिकाचा. कलिली (अतिसूक्ष्म कणांची) सिलिका दोन थरांच्या मध्ये साईसारखी साचते आणि थर सुटतच नाहीत. आधी सिलिकेचे कण एकत्र साकळवून ती गाळावी, आणि मिक्सरमध्ये सेंद्रिय द्रव सलग ठेवून आम्लाचे थेंब त्यात पडू द्यावेत. उलट केले तर साय वाढते.