नदीकाठची पट्टी नेमकी कोणासाठी मोजली?

उष्ण कटिबंधातल्या शेतीमुलखात नदीकाठची झाडी राखण्याचे कायदे बरेच जुने आहेत. मात्र ते केले गेले पाण्यासाठी आणि मातीसाठी. प्राणी त्यात मागाहून आले, आणि आजच्या बहुतेक वादांचं मूळ तिथेच आहे.

ब्राझीलच्या १९३४च्या वन संहितेने पाण्याचा प्रवाह टिकवणारी, माती धरून ठेवणारी जंगलं संरक्षक ठरवली. १९६५च्या कायद्याने काठाची रुंदी मीटरांत बांधून दिली: दहा मीटरहून अरुंद ओढ्याला दोन्ही बाजूंना अवघे ५ मीटर. एखाद्या डेरेदार झाडाच्या फांद्यासुद्धा त्यात मावत नाहीत. १९८६मध्ये या ५ मीटरांचे ३० झाले आणि १९८९च्या दुरुस्तीने ते पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपासून मोजायचे ठरलं. २०१२च्या नव्या कायद्याने आकडा तोच ठेवला, पण फीत धरायची जागा पात्राच्या नेहमीच्या कडेला आणली. सपाट मुलखातल्या नद्यांना यात फार मोठा फटका आहे, कारण तिथे पट्टीचा मोठा भाग पावसाळ्यात पाण्याखालीच जातो. शिवाय जुलै २००८पूर्वी काठ साफ केलेल्या सर्वांत छोट्या शेतकऱ्यांना फक्त ५ मीटरांत झाडं परत आणायची सवलत मिळाली. त्यांची अडचण खरी आहे. पण ओढ्याचीही आहे.

त्या काठाला प्राण्यांच्या अंगाने पाहिलं की आकडे पार बदलतात. अ‍ॅमेझॉनच्या दक्षिण कडेला, आल्ता फ्लोरेस्ता भागातल्या कुरणांमध्ये उरलेल्या पट्ट्यांचा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलातले पक्षी आणि सस्तन प्राणी पुरेसे टिकायचे, तर प्रत्येक काठाला सुमारे २०० मीटर झाडी हवी, असं त्यातून दिसलं. गुरं पाण्यावर उतरतात, खालची रोपं तुडवतात आणि पट्टी आतून पोकळ होते, हेही त्यात पुढे आलं. म्हणजे रुंदीच्या जोडीला कुंपणही लागतं.

मलेशियाच्या बोर्निओ बेटावरच्या सबाह राज्यात क्रम उलटा लागला. किनाबातांगान नदीच्या खोऱ्यात आधी लाकूडतोड झाली, मग तेलताडाच्या, म्हणजे पामतेल देणाऱ्या झाडांच्या, बागा आल्या. काही ठिकाणी त्यांच्या रांगा थेट पाण्याला भिडल्या. १९९८च्या जलसंपत्ती कायद्याने तीन मीटरहून रुंद नद्यांना प्रत्येक काठाला २० मीटरची राखीव पट्टी दिली, तीही प्रामुख्याने पाण्यासाठीच. या नदीवरची लांब नाकाची प्रोबोसिस माकडं दिवसभर आत चरतात आणि संध्याकाळी झोपायला काठावरच्या झाडांवर परततात. हत्तींचे कळप काठाकाठाने चालतात. झाडी तुटली की हत्ती बागेत शिरतात आणि भांडण माणसांशी सुरू होतं. २००५मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं, तेही सलग नव्हे. नदीलगत विखुरलेल्या तुकड्यांचं.

तेलताडाचं झाड साधारण २५ वर्षांनी उत्पन्नासाठी म्हातारं होतं आणि तोडून नवीन लावलं जातं. जुन्या बागांमध्ये ही वेळ आता येते आहे, आणि काठालगतच्या रांगा पुन्हा लावायच्या की ती जागा जंगलाला सोडायची, हे त्याच हंगामात ठरतं.