सर्वांसाठी खुल्या रानजमिनीचं संवर्धन

डोंगर, जंगल, कडे, नदीकाठ अशी जमीन बांधकाम, खाणी आणि प्लॉटिंगपासून वाचवायची आणि वर ती लोकांना चालायला, चढायला, मुक्कामाला खुली पण ठेवायची, या कामाला पैसा, जमीन, मेहनत किंवा कायद्याचं बळ देणं म्हणजे हे संवर्धन. यात दोन वेगळी कामं आहेत हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जमीन वाचली म्हणजे तिथे जायला वाट मिळाली असं अजिबात नसतं.

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे विकत घेणं. अमेरिकेतल्या मेन राज्याचे गव्हर्नर पर्सिव्हल बॅक्स्टर यांनी कटाडिन डोंगराभोवती पार्क करा म्हणून विधिमंडळाच्या मागे लागून पाहिलं, ते काही ऐकेना, मग पद गेल्यावर १९३० पासून त्यांनी स्वतःच्या पैशाने तुकड्यातुकड्याने जमीन घ्यायला सुरुवात केली आणि १९६२ पर्यंत २ लाख एकरांहून जास्त जमीन राज्याला देऊन टाकली, अट अशी की ती कायम रानच राहिली पाहिजे. देखभालीसाठी वेगळा फंडही ठेवला, आणि माझ्या मते त्यांचं खरं शहाणपण तिथे दिसतं, कारण जमीन घ्यायला देणगीदार मिळतात पण वाटा दुरुस्त करायला आणि टॉयलेट साफ ठेवायला सहसा कोणी पैसे देत नाही.

एवढा पैसा नसलेल्यांनी एकत्र येऊन जमीन सांभाळणाऱ्या संस्था काढल्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ साली ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स, मग १८९५ साली ब्रिटनमध्ये नॅशनल ट्रस्ट. अमेरिकेत कन्झर्वेशन ईझमेंट पण खूप चालतं, म्हणजे मालकी मूळ मालकाकडेच राहते पण बांधकामाचे हक्क तो संस्थेला विकतो किंवा दान करतो आणि पुढच्या मालकालाही ते बंधन लागू राहतं. मात्र करारात वेगळं लिहून घेतलं नसेल तर लोकांना आत जायचा हक्क यातून मिळत नाही.

सरकारी पैशाचं मोठं उदाहरण म्हणजे १९६४ च्या कायद्याने आलेला अमेरिकेचा लँड अँड वॉटर कन्झर्वेशन फंड. यात समुद्रातल्या तेल-गॅसच्या उत्पन्नातून पैसा येतो, मर्यादा वर्षाला ९० कोटी डॉलर, पण कित्येक वर्षं त्यातला बराचसा दुसरीकडेच वळला आणि पूर्ण रक्कम दरवर्षी मिळायची सोय २०२० च्या कायद्याने झाली. शिकारी लोक मात्र १९३४ पासून डक स्टॅम्प, म्हणजे बदकांच्या शिकारीसाठी लागणारं सरकारी तिकीट, घेतायत, त्याचा पैसा पक्ष्यांच्या पाणथळ जागा वाचवायला जातो, आणि १९३७ च्या कायद्यापासून बंदुका-काडतुसांवरचा टॅक्सही वन्यजीवांच्या कामाला जातोय. तसाच टॅक्स ट्रेकिंगच्या सामानावर लावायचा विषय निघाला तेव्हा सामान बनवणाऱ्या कंपन्यांनी विरोध केला, आता बोला.

काही देशांनी जमीन घेण्यापेक्षा फिरण्याचा हक्कच कायद्यात आणला. इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ ला शेकडो लोक फिरण्याचा हक्क मागत किंडर स्काउट या डोंगराच्या खाजगी माळावर मुद्दाम घुसले आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ चा नॅशनल पार्कचा कायदा आला आणि २००० च्या कायद्याने डोंगर-माळांवर पायी फिरायचा हक्क मिळाला. स्कॉटलंड २००३ मध्ये त्याच्याही पुढे गेलं, तिथे नीट वागण्याच्या अटीवर बहुतेक जमिनीवर आणि तळ्या-नद्यांवर जाता येतं. स्वीडन-नॉर्वेत ही रीत जुनीच, नॉर्वेने १९५७ ला ती कायद्यात लिहिली.

वाट अडते ती कुठेही अडू शकते. पश्चिम अमेरिकेत रेल्वेला दिलेल्या जमिनींमुळे सरकारी आणि खाजगी चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून पडलेत, त्यामुळे सरकारी जमीन समोर दिसते पण तिथे पोचायला खाजगी कोपरा ओलांडावा लागतो आणि त्यावरून कोर्टकचेऱ्या होतात. अशा ठिकाणी अख्खं रान घ्यायची गरज नसते, वहिवाटीपुरती पट्टी किंवा पार्किंगचा तुकडा मिळाला तरी काम होतं. १९९१ मध्ये सुरू झालेली गिर्यारोहकांची अ‍ॅक्सेस फंड ही संस्था असंच करते, कडा विक्रीला निघाला तर स्थानिक ग्रुपला कर्ज देते, कधी स्वतः घेते, वाटा बांधायला माणसं पाठवते. आणि खुलं म्हणजे बारा महिने खुलं असंही नाही, बहिरी ससाणे घरटी करतात तेव्हा कड्यांचे ते भाग बंद ठेवले जातात आणि पिल्लं उडून गेली की परत चढाई सुरू होते.