माहीमचे मखदूमबाबा आणि मुंबईतली खिदमत

मुंबईतल्या दर्ग्यांवर जो अदब दिसतो, त्याचा इतिहास माहीमपासून सुरू होतो. तिथे मखदूम फकीह अली माहीमी (१३७२–१४३१) यांची मजार, म्हणजे कबर, आहे. अरब वंशाच्या नवायत घराण्यातले हे विद्वान गुजरातच्या सुलतानांच्या काळात माहीमचे काझी होते. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले, आणि मध्ययुगीन विचारवंत इब्न अरबींच्या सूफी विचाराचा पुरस्कारही केला. शरियतचा, म्हणजे इस्लामी कायद्याचा, जाणकार आणि सूफी एकाच माणसात नांदले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. भक्ती म्हणजे नमाज-रोज्यापासून सुटका, असा अर्थ इथे कधी रुजला नाही.

त्यांच्याविषयी सर्वांत जास्त सांगितली जाणारी आख्यायिका मात्र पांडित्याची नाही. आईने रात्री पाणी मागितले. पाणी आणेपर्यंत तिला झोप लागली, आणि मुलगा हातात पेला धरून पहाटेपर्यंत उभा राहिला. चमत्कारापेक्षा आईची सेवा मोठी मानणारी ही कथा आहे. लंगरात वाढणे, भाविकांच्या चपला सांभाळणे, पाणी पाजणे ही कामे खिदमत, म्हणजे सेवा, म्हणून केली जातात, ती याच वृत्तीतून.

पुढे गिरण्या आणि बंदरामुळे शहर फुगले. कोकणातून मुसलमान कुटुंबे आली, उत्तरेतले मोमीन विणकर मदनपुऱ्यात वसले. गावची बिरादरी मागे राहिलेल्यांना इथे वेगळे नाते मिळाले: एकाच पीराचे, म्हणजे सूफी गुरूचे, मुरीद (शिष्य) ते पीरभाई. मुरीद होताना बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, घेतली जाते. त्यात गुन्ह्यांची तौबा असते, पीराच्या सांगण्यानुसार वागण्याचे वचन असते. दारू, जुगार सोडण्यासाठी पीराचा शब्द कामी यायचा. संतांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या नियाजच्या जेवणात जातपात विचारली जात नाही. गुरुवारी दर्ग्यावर येणाऱ्यांत हिंदूही असतात. माहीमच्या डिसेंबरातल्या जत्रेत पहिली चादर मुंबई पोलिसांची असते, कारण माहीम पोलीस ठाण्याच्या जागी बाबांचे वास्तव्य होते अशी श्रद्धा आहे.

या सगळ्यावर आक्षेपही जुने आहेत. कबरीपुढे मागणे मागू नये, असे अहले हदीस (फक्त कुराण आणि हदीस प्रमाण मानणारा पंथ) आणि इतर सुधारक सांगत आले. पण मला जास्त खुपते ते दर्ग्याच्या आतूनच आलेले बंधन. मुंबईतल्याच हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत जाणाऱ्या स्त्रियांना ट्रस्टने मनाई केली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या न्यायालयात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी घटनाविरोधी ठरवली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्त्रिया पुन्हा आत गेल्या.