"सूर्या, थांब" म्हणजे नक्की काय थांबलं?

पाऊस थांबला म्हटलं की थेंब हवेत लटकून राहिलेत असं कुणाला वाटत नाही, पडायचा बंद झाला एवढंच आपण समजतो. आणि बस थांबली म्हणजे जागच्या जागी उभी राहिली. क्रियापद एकच, अर्थ दोन, आणि बोलताना आपला कधी गोंधळ होत नाही कारण आजूबाजूचं सगळं आपल्याला माहीत असतं. बायबलमधल्या एका ओळीवरून चारशे वर्षं वाद चाललाय तो अशाच एका हिब्रू शब्दाचा आहे, फक्त तिथलं आजूबाजूचं आपण विसरलोय.

ओळ यहोशवाच्या पुस्तकातली, अध्याय 10, वचन 12-13. पाच अमोरी राजे गिबोन शहरावर चालून आलेत, इस्राएली लोकांचा सेनानी यहोशवा गिलगालच्या छावणीतून रात्रभर चालत येऊन त्यांच्यावर अचानक तुटून पडतो आणि म्हणतो, सूर्या गिबोनावर थांब, चंद्रा अयालोनच्या खोऱ्यावर थांब. हीच ओळ गॅलिलिओच्या विरोधात वापरली गेली, सूर्याला थांब म्हटलं म्हणजे फिरतो सूर्यच, पृथ्वी नाही! त्यावर त्याने 1613 आणि 1615 मध्ये लांबलचक पत्रं लिहिली.

आजकाल फिरतो तो फॉरवर्ड म्हणजे नासाच्या कॉम्प्युटरला इतिहासातला एक दिवस कमी सापडला, आणि तो म्हणे सूर्य थांबला तोच दिवस. हे साफ खोटं आहे, नासानेही नाकारलंय, आणि मुळात ते शक्यच नाही, कारण कॉम्प्युटर आजच्या स्थितीवरून उलटं गणित करत मागे जातो, हरवलेला दिवस पकडायचा तर त्या काळची कुणीतरी लिहून ठेवलेली तारीखवार नोंद ताडून बघायला हवी आणि तशी नोंदच नाहीये.

आता तो शब्द. सूर्याला म्हटलंय "दोम". याचा मूळ अर्थ गप्प राहा, शांत हो. बायबलच्याच लेवीय पुस्तकात (10:3) मुलं मरण पावल्यावर मोशेचा भाऊ अहरोन गप्प राहिला तिथे हाच धातू आहे. चंद्रासाठी मात्र पुढच्या ओळीत "आमद" आहे, म्हणजे उभा राहिला.

मग काही जण म्हणाले की सूर्य "शांत झाला" म्हणजे प्रकाशायचा थांबला, म्हणजेच ग्रहण! 2017 मध्ये केंब्रिजच्या कॉलिन हम्फ्रीज आणि ग्रॅम वॉडिंग्टन यांनी गणित करून इ.स.पू. 1207 च्या 30 ऑक्टोबरचं कंकणाकृती ग्रहण दाखवलं. इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात त्याच सुमाराला कनानमधल्या, म्हणजे गिबोन ज्या प्रदेशात होतं तिथल्या, इस्राएलचा उल्लेख आहे, त्यामुळे काळही जुळतो. गणित सोपं नव्हतं बरं का, कारण चंद्रामुळे होणाऱ्या भरती-ओहोटीने पृथ्वीचं फिरणं हळूहळू मंदावतंय, दिवस शंभर वर्षांत साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतो, ऐकायला काहीच नाही पण साठत साठत तीन हजार वर्षांत पृथ्वीचं घड्याळ कित्येक तास मागे पडतं. बॅबिलॉनच्या लोकांनी इ.स.पू. 136 मध्ये खग्रास ग्रहण बघून नोंदवलं, पण पृथ्वी कायम आजच्याच वेगाने फिरत होती असं धरलं तर ते ग्रहण जवळपास 49 अंश पश्चिमेला, म्हणजे पार स्पेनच्या बाजूला पडतं. अशा नोंदींमुळेच हे मंदावणं मोजता आलं, आणि मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

पण ग्रहण मला पटत नाही. सूर्यग्रहण लागतं अमावास्येला, सूर्य-चंद्र एकाच जागी असताना. इथे तर दोघांना दोन वेगळ्या ठिकाणी सांगितलंय. गिबोन म्हणजे जेरुसलेमपासून दहाएक किलोमीटरवरचं आजचं अल-जीब गाव, आणि अयालोनचं खोरं त्याच्या पश्चिमेला. मधे उभं राहिलात तर सूर्य पूर्वेला आणि चंद्र पश्चिमेला, म्हणजे सकाळची वेळ आणि पौर्णिमेच्या आसपासची तिथी, आणि रात्रभर चालून आल्याचा उल्लेखही त्याच्याशी जुळतो.

मेसोपोटेमियात, म्हणजे प्राचीन इराकच्या भागात, पौर्णिमेला हे दोघे समोरासमोर कुठल्या दिवशी दिसतात त्यावरून शकुन बघायचे. चांद्र महिन्याच्या चौदाव्या दिवशी दिसले तर शुभ, नाहीतर राजावर संकट, आणि त्या शकुनांच्या भाषेत चंद्र "थांबतो", "वाट बघतो" असे शब्द येतात. 1968 मध्ये जॉन हॉलाडे यांनी हा धागा मांडला, म्हणजे यहोशवाची मागणी आकाशातलं यंत्र बंद करायची नसून शकुन आपल्या बाजूने पडू दे अशी होती. शिवाय या ओळी कविता आहेत, याशाराच्या ग्रंथातून घेतल्याचं तिथेच लिहिलंय आणि तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. "आकाशाच्या मध्यभागी" सूर्य थांबला आणि जवळजवळ अख्खा दिवस मावळायची घाई केली नाही हे वाक्य या वाचनालाही अवघड जातं हे मान्य, पण ते कवितेनंतरच्या गद्यात येतं आणि कवितेवरचं भाष्य असू शकतं.

पुढच्या पौर्णिमेनंतरच्या सकाळी सूर्य उगवता उगवता गच्चीवर जाऊन बघा, पूर्वेला सूर्य, पश्चिमेला फिकट झालेला चंद्र, दोघं काही मिनिटं एकाच वेळी दिसतात.