पाकिटात परत गेलेलं पत्र

'त्याने पत्र वाचलं, पहिल्यासारखी घडी घातली आणि पाकिटात ठेवून दिलं. "उद्या बघू," तो म्हणाला.'

पत्रात काय होतं, ते या ओळींत कुठेच नाही. त्याला वाईट वाटलं का, हेही लिहिलेलं नाही. तरी वाचता वाचता तुम्ही बरंच काही ठरवून टाकलं असणार. बातमी चांगली नसावी, समोर कुणीतरी उभं असावं आणि त्या माणसाला ती इतक्यात कळू नये असं त्याला वाटत असावं. हे सगळं तुम्ही रचलंत. मी फक्त जागा रिकामी सोडली.

दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधण्याच्या या कुवतीला मानसशास्त्रात 'थिअरी ऑफ माइंड' म्हणतात. वापराच्या सूचना वाचताना तिची फारशी गरज पडत नाही. साहित्याचं मात्र तिच्यावाचून पान हलत नाही.

मग वाचनाने ही कुवत वाढते का? 2013 साली डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कास्टानो या मानसशास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात 'हो' असं उत्तर दिलं. त्यांनी लोकांना साहित्यिक कथांचे उतारे वाचायला दिले आणि मग नुसत्या डोळ्यांचे फोटो दाखवून त्यामागची भावना ओळखायला सांगितली. कथा वाचलेल्यांचे गुण थोडे जास्त आले. वर्तमानपत्रांना आयतं खाद्य मिळालं. पुढे 2018 मध्ये 'नेचर' आणि 'सायन्स'मधले सामाजिक शास्त्रांतले 21 प्रयोग जास्त माणसं घेऊन पुन्हा करून पाहिले गेले. त्यांतले 13 टिकले. हा प्रयोग टिकला नाही.

खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. दहा मिनिटं गोष्ट वाचली आणि माणूस मनकवडा झाला, हे जरा अतीच होतं. पण म्हणून सगळंच मुसळ केरात गेलं असं नाही. त्याच वर्षी अशा 14 प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा छोटासा पण खरा फायदा दिसला. वर्षानुवर्षं कथा-कादंबऱ्या वाचणारे लोक अशा चाचण्यांत थोडे सरस ठरतात, हेही आढळलंय. आता वाचनामुळे ते तसे होतात, की तशी माणसंच वाचनाकडे ओढली जातात, हा गुंता अजून पुरता सुटलेला नाही.

मेंदूकडे पाहिलं तर वाचन हा मुळात उसनवारीचा कारभार आहे. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. तेवढ्यात उत्क्रांतीतून वाचनासाठी वेगळा अवयव कुठून घडणार? फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान यांच्या मते, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा आपण अक्षरांसाठी कामाला लावतो. प्रौढपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही हा बदल दिसतो. शिवाय शब्द नुसते ओळखून काम संपत नाही. 2004 मधल्या एका प्रयोगात लाथ मारणं, उचलणं, चाटणं अशा अर्थाची क्रियापदं वाचताना मेंदूत अनुक्रमे पाय, हात आणि तोंड हलवणाऱ्या भागांजवळ हालचाल नोंदली गेली. 'घडी घातली' वाचताना तुमचे हात जागचे हलले नसतील. मेंदूतला हातांचा भाग अगदीच स्वस्थ बसला असेल, याची खात्री नाही.

आणि हे मोबाइलवर वाचलं तर? 54 अभ्यासांच्या एका एकत्रित पाहणीत माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो असं दिसलं, घाईत वाचताना तर विशेषच. निव्वळ कथांच्या बाबतीत मात्र तसा फरक आढळला नाही.

वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत, उड्या मारत जातात. दर मुक्काम साधारण पाव सेकंदाचा, आणि दहांतली एखादी उडी उलटी, मागे. वेगवाचन शिकवणारे तिला दोष मानतात. पण तसंच एकदा मागे जाऊन पहिली ओळ बघा. घडी 'पहिल्यासारखी'च का घातली त्याने? पत्र उघडलंच नव्हतं, असं कुणाला वाटायला हवं होतं? आणि ते त्याच्याच नावाचं होतं, असं तरी कुठे लिहिलंय?