दाताला ‘कीड’ लागते, पण कीड आहे कुठे?

आपण आजही सहज म्हणतो ना, दात किडला, दाढेला कीड लागली. हजारो वर्षं लोकांना खरंच वाटायचं की दातात अळी शिरते आणि आतून पोखरते, बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर त्या अळीवरचा मंत्रसुद्धा सापडलाय. दाढ ठणकायला लागली की आत कोणीतरी कुरतडतंय असंच वाटतं, त्यामुळे त्या लोकांना मी तरी अडाणी म्हणणार नाही.

1728 मध्ये पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने पुस्तक लिहिलं, त्यात त्याने अळीची गोष्ट नाकारली आणि बोट दाखवलं साखरेकडे. पुढे 1874 ला ब्रिटनमध्ये साखरेवरचा कर गेला, साखर गरिबाच्या चहापर्यंत पोचली आणि किडके दातही घरोघर दिसायला लागले. पण दोष एकट्या साखरेचा नाही हं. मोरोक्कोत ताफोराल्टच्या गुहेत 13,700 ते 15,000 वर्षांपूर्वीच्या माणसांचे सांगाडे मिळाले, शेती नाही, साखर नाही, तरी निम्मे दात किडलेले, कारण ते ओकची पिठूळ फळं भरपूर खायचे.

हे होतं कसं ते दाखवलं बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलरने. काढलेले दात त्याने लाळेत ठेवले, कुठे सोबत पाव घातला, कुठे मांस. पावाबरोबरच्या दातांतले क्षार निघून गेले, मांसाबरोबरचे दात टिकले. म्हणजे तोंडातले जंतू साखर आणि स्टार्च खातात, त्याचं ॲसिड करतात आणि ते ॲसिड दाताचं कवच विरघळवतं. हे त्याने 1890 मध्ये मांडलं आणि मूळ मुद्दा आजही तोच आहे.

मग 1940 च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट स्टीफनने लोकांना ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावली आणि बारीक इलेक्ट्रोड दातावर साचलेल्या जंतूंच्या थराला टेकवून पीएच मोजला, म्हणजे ॲसिड किती आहे ते सांगणारा आकडा, तो जितका कमी तितकं ॲसिड जास्त. काही मिनिटांतच तो 5.5 च्या खाली, म्हणजे साधारण जिथे कवच विरघळायला लागतं तिथे, आणि परत वर यायला अर्धा तास, कधी तासभर! आता दर तासाला काहीतरी गोड तोंडात टाकणाऱ्याच्या दाताला सावरायला वेळच कुठे मिळणार.

याचा सगळ्यात मोठा पुरावा ज्या पद्धतीने मिळाला ते वाचून मला आजही वाईट वाटतं. स्वीडनमध्ये लुंड इथे व्हिपेहोल्म नावाची मतिमंद लोकांची संस्था होती, तिथे 1945 पासून आहाराचे प्रयोग चालले आणि पुढे काही जणांना जेवणांच्या मधे मुद्दाम चिकट टॉफ्या दिल्या, एका गटाला तर दिवसाला 24. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. 1954 मध्ये निष्कर्ष छापून आले: जेवणासोबत बरीच साखर खाल्ली तरी कीड फार वाढली नाही, पण अधूनमधून खाल्लेल्या चिकट गोडाने प्रचंड वाढली, आणि टॉफ्या बंद केल्यावर वेग पुन्हा खाली आला. तोपर्यंत त्यांचे दात गेले ते गेलेच, दाताचं कवच काही परत उगवत नाही.

नंतर स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेट रोज न देता फक्त शनिवारी द्यायचा सल्ला सुरू झाला. तिथली मुलं आजही शनिवारची वाट बघतात, त्यातल्या किती जणांना व्हिपेहोल्मच्या त्या माणसांबद्दल कोणी सांगितलं असेल?