शनॉन्सो: नदीवरचा महाल आणि तो सांभाळणाऱ्या बायका

फ्रान्समधल्या शनॉन्सोच्या महालाचा विषय निघाला की लोक एकच स्टोरी सांगतात, राजाची प्रेयसी आणि राजाची राणी यांचं भांडण. ती खरीच आहे, पण मला विचाराल तर खरी गंमत त्या महालाखालच्या पुलात आहे, कारण हा महाल आजवर टिकला तो बऱ्याच अंशी त्या पुलामुळे आणि तो सांभाळणाऱ्या बायकांमुळे.

आधी तिथे मार्क घराण्याचा जुना किल्ला आणि शेर नदीत एक पाणचक्की होती. १५१३ मध्ये राजाच्या खजिन्याचं काम बघणाऱ्या तोमा बोइयेने ती जागा घेतली, किल्ला पाडला, फक्त एक बुरूज ठेवला (तो अजून उभा आहे) आणि पाणचक्कीच्या पायावरच नवा महाल चढवला. स्वतः तो कायम लढाया आणि सरकारी कामात बाहेर, त्यामुळे बांधकामावर उभी राहिली ती त्याची बायको कॅथरीन ब्रिसॉने. 'हा पुरा झाला तर माझी आठवण राहील' असं दोघांनी दगडात कोरून ठेवलंय. १५२४ मध्ये तो गेला, दोन वर्षांनी ती गेली, आणि बापाच्या नावावर सरकारचं एवढं देणं निघालं की १५३५ मध्ये मुलाला महाल राजा फ्रान्स्वा पहिला याच्या हवाली करावा लागला.

१५४७ मध्ये हेन्री दुसरा गादीवर आला आणि त्याने तो आपल्या प्रेयसीला, दियान द प्वातियेला देऊन टाकला. ती त्याच्यापेक्षा जवळपास वीस वर्षांनी मोठी, आणि व्यवहाराला एकदम पक्की. राजघराण्याची मालमत्ता अशी कुणाला देता येत नाही, उद्या कुणी परत मागेल हे तिला बरोबर कळत होतं, म्हणून कोर्टकचेऱ्या करून १५५५ पर्यंत तिने तो रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतला. बाग लावली, वास्तुकार फिलिबेर द लोर्मकडून नदीवर पलीकडच्या काठापर्यंत पूल बांधून घेतला. आणि १५५९ मध्ये भाल्यांच्या खेळात हेन्रीला डोळ्यापाशी जखम झाली, त्यात तो गेला. राणी कॅथरीन द मेडिची इतकी वर्षं गप्प होती, तिने लगेच दियानला शनॉन्सो सोडायला लावून बदल्यात शोमॉचा महाल दिला. कागदपत्रं एवढी पक्की करूनही राजा नसल्यावर त्यांचा उपयोग झाला नाही, मला तर इथे दियानचं वाईटच वाटतं.

कॅथरीनने मग त्याच पुलावर ६० मीटर लांबीचा हॉल चढवला, नाचगाण्यासाठी, मेजवान्यांसाठी. आज फोटोत नदीवर पसरलेला जो भाग दिसतो तो हाच. १५८९ च्या जानेवारीत ती वारली आणि महाल सुनेकडे, लुईझ द लॉरेनकडे आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लुईझचा नवरा हेन्री तिसरा याचा खून झाला. तिने वरच्या मजल्यावरची खोली काळ्या रंगात रंगवून घेतली, त्यावर चंदेरी अश्रू काढलेले, आणि स्वतः मात्र पांढरे कपडे घालायची, कारण तिथल्या राण्यांचा सुतकाचा रंग तोच. आपल्याकडच्या विधवेच्या पांढऱ्या लुगड्याची आठवण येते आणि पोटात कालवतं.

मधले मालक पटकन सांगतो, वांदोमचे ड्यूक, मग बूरबाँ घराणं, त्यांनी तर आतल्या वस्तूच विकायला काढल्या. १७३३ मध्ये क्लोद द्युपँने महाल घेतला आणि त्याच्या बायकोने, लुईझ द्युपँने, तिथे व्होल्तेर, माँतेस्क्यू अशा लेखक-विचारवंतांचा राबता ठेवला, रुसो तर तिचा सेक्रेटरी होता. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत ठिकठिकाणी महाल फुटत, जळत होते तेव्हा असं सांगतात की नदी ओलांडायला आसपास दुसरा पूलच नाही, हा पाडलात तर जाणार कुठून, असं सांगून बाईंनी तो वाचवला. तिथल्या चॅपेलमध्ये त्यांनी लाकूडफाटा भरून ठेवला म्हणजे ते देवघर आहे हे कुणाला कळू नये. १७९९ मध्ये नव्वदी ओलांडून त्या गेल्या.

१८६४ मध्ये मार्गरित पलूझने घेऊन डागडुजीवर पाण्यासारखा पैसा ओतला आणि शेवटी कर्जात महाल जप्त झाला. नंतर क्यूबाचं टेरी घराणं, आणि १९१३ पासून चॉकलेटवाले मेनिए. पहिल्या महायुद्धात मेनिएंनी त्या नाचाच्या हॉलमध्ये खाटा लावून हॉस्पिटल केलं, दोन हजारांवर जखमी सैनिकांवर तिथे उपचार झाले. दुसऱ्या महायुद्धात तर शेर नदीच सीमा झाली, मुख्य दार जर्मनांच्या ताब्यातल्या बाजूला आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाचं दार मुक्त भागात उघडायचं. जीव वाचवायला निघालेली माणसं मुख्य दारातून आत शिरून कॅथरीनच्या त्याच नाचघरातून चालत पलीकडे सुटली. १९४४ मध्ये बॉम्बने चॅपेलच्या रंगीत काचा फुटल्या, आता आहेत त्या नंतर बसवलेल्या. मालकी अजून मेनिएंकडेच आहे.